छाटलेल्या फांद्या आणि उजाड माळाचे पुनरुज्जीवन

पाऊस पडूनही जमीन कोरडीच राहावी, हे कोरडवाहू प्रदेशाचे मोठे दुःख आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाच्या उत्तर भागात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात, ते ठळकपणे दिसते. तेथील पावसाळा साधारणतः जून ते सप्टेंबर. सरी थोड्या, परंतु जोरदार. अतिचराई व वृक्षतोड यांमुळे उघड्या पडलेल्या मातीवर थेंबांचा मारा बसतो, सुटे झालेले बारीक कण छिद्रे बुजवितात आणि वाळल्यावर कठीण पोपडा तयार होतो. मग पाणी मुरत नाही. वाहून जाताना ते गवताचे बीही सोबत नेते. अशा जमिनीस तेथील मोसी शेतकरी ‘झिपेले’ म्हणतात.

या जमिनीवर झुडपांच्या छाटलेल्या फांद्या व वाळलेले गवत पसरणे, हा एक सोपा उपाय आहे. या आच्छादनामुळे थेंबांचा मारा सौम्य होतो, पाण्याचा वेग मंदावतो, वाऱ्यासोबत येणारी माती व बी अडकून राहते आणि कोवळ्या रोपांना सावली मिळते.

तथापि खरे काम पुढे घडते. १९९० नंतरच्या दशकात आब्दुलाये मान्दो या संशोधकाने याच भागात प्रयोग केले. काही वाफ्यांत आच्छादनाकडे वाळवी येऊ दिली, तर काहींत कीटकनाशक वापरून तिला दूर ठेवले. वाळवीने फांद्या खाताना पोपडा फोडला आणि मातीत बिळे पाडली. त्या वाटांनी पाणी खोल मुरले व वनस्पती अधिक जोमाने परतल्या. ज्या वाळवीला आपण केवळ घराचा शत्रू समजतो, ती येथे बिनमोलाची नांगरणी करते.

फांद्या आणाव्यात कोठून? साहेलमध्ये ‘गिएरा’ व ‘पिलिओस्तिग्मा’ ही झुडपे शेतांत आपोआप वाढतात. दुसऱ्याची जोडपाने पाहताच आपल्याला आपटा आठवेल; दोन्ही वनस्पती जवळच्या नात्यातील आहेत. बुंधा राखून छाटल्यास दोन्हींना पुन्हा फुटवे येतात. सेनेगलमध्ये पेरणीपूर्वी ही झुडपे छाटून जाळण्याची रीत रूढ आहे. त्यात मातीला मिळावयाचा सेंद्रिय अंश धुरात जातो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हीच फांदी चुलीला सरपण असते आणि हाच पाला शेळ्यांचा चारा असतो. आच्छादनाचा भार सरपण गोळा करणाऱ्या स्त्रीवर पडला, तर हा उपाय टिकणार नाही. म्हणून आरंभ लहान तुकड्यापासून करावा. मुळे उपटू नयेत, सर्व झुडपे एकाच वर्षी छाटू नयेत, फांद्या पावसाळ्यापूर्वी उताराला आडव्या पसराव्यात आणि गवत रुजेपर्यंत गुरे दूर ठेवावीत. जेथे गवत अजून जिवंत आहे, तेथे आच्छादनाची आवश्यकता नाही. तेथे चराई आवरणे पुरेसे ठरू शकते.