दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी आणि शेतकरी कुटुंबाचा विमा

पीक विमा, जनावरांचा विमा, ट्रॅक्टरचा विमा हे शब्द आता गावोगावी परिचयाचे झाले आहेत. पण हे बहुतेक विमे आपल्या स्वतःच्या नुकसानीपुरते आहेत. आपल्या हातून, आपल्या वाहनामुळे, जनावरामुळे किंवा आपल्या शेतातील कामामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न वेगळा आहे. या जबाबदारीला कायद्यात दायित्व म्हणतात. पीक बुडाले तर एक हंगाम जातो. दायित्व अंगावर आले तर शेतच जाऊ शकते. म्हणून हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

रक्कम किती होऊ शकते?

समजा, काटोलकडून संत्रा भरून कळमना बाजारात निघालेल्या ट्रॅक्टरची धडक बसून ३५ वर्षे वयाचा एक मोटारसायकलस्वार मरण पावला. तो स्वतःचा लहान धंदा करीत होता, महिन्याला १०,००० रुपये मिळवीत होता आणि घरी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निर्णयांत घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा होतो:

१) मासिक उत्पन्न १०,००० रुपये, भावी वाढीपोटी ४० टक्के धरून १४,००० रुपये.
२) मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून १०,५०० रुपये.
३) वर्षाचे १,२६,००० रुपये.
४) वयाच्या ३१ ते ३५ या गटासाठी गुणक १६, म्हणजे २०,१६,००० रुपये.

याशिवाय अंत्यविधी, वारसा व सहवास हानी यांची रक्कम आणि व्याज वेगळे. दोन-चार एकराच्या धन्याने एवढी रक्कम कोठून आणावी?

ट्रॅक्टरचा विमा: छत्र आहे, पण अटींसह

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ट्रॅक्टरही त्यातून सुटलेला नाही. विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड लहान आहे; खरा धोका वर दाखविलेल्या हिशेबाचा आहे.

तृतीय पक्षाचा मृत्यू किंवा शारीरिक इजा यांसाठी विमा कंपनीची जबाबदारी न्यायाधिकरण ठरवील तेवढी असते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र पॉलिसीत मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे मोठे छत्र कायद्यानेच दिले आहे. ते आपणच अटी मोडून फाडतो. त्या अटी अशा:

१) ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतीकामासाठी असतो. त्यावर भाड्याने विटा, रेती वाहिली किंवा लग्नाचे वऱ्हाड नेले तर अट मोडते.
२) ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणाला बसण्याची जागा नाही. मडगार्डवर बसविलेल्या माणसाची जबाबदारी कंपनी नाकारते.
३) ट्रॉलीचा विमा वेगळा नोंदवावा लागतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येते असे समजू नये.
४) चालकाजवळ वैध परवाना असावा. मुलगा चांगला चालवितो, हे उत्तर न्यायाधिकरणात चालत नाही.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात मातीच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर घसरून पडून जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी होता, ट्रॉलीचा नव्हता आणि माती वीटभट्टीसाठी चालली होती. न्यायालयाने कंपनीची जबाबदारी नाही असे ठरविले. मजुराची अडचण पाहून कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. या 'आधी द्या, मग वसूल करा' आदेशाचा अर्थ नीट समजून घ्यावा. जखमी माणसाला पैसे मिळतात, पण बोजा अखेर मालकावरच येतो. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. म्हणजे गोष्ट सरळ सातबाऱ्यापर्यंत येते.

मजुरांची जबाबदारी

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा फक्त कारखान्यांसाठी होता, असा समज आहे. तो बरोबर नाही. ट्रॅक्टर किंवा यंत्राने होणारी शेती, यांत्रिक कापणी व मळणी, कूपनलिकेचे काम आणि कीटकनाशकांची फवारणी ही कामे त्याच्या यादीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. मालकाने भरपाई देण्याचे तत्त्व तेच आहे.

मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक, असा हिशेब असतो. ४० वर्षांच्या मजुराची मजुरी महिना १०,००० रुपये असेल तर ५,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ९,२०,८५० रुपये होतात. येथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना व कामामुळे अपघात झाला एवढे पुरे होते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. सालगड्याला किंवा रोजंदाराला फवारणीस पाठविताना हातमोजे, मास्क व अंगभर कपडे देणे हे माणुसकीचे आहे आणि कायदेशीर रक्षणाचेही आहे.

धुरा, शेततळे, बैल आणि तारेचे कुंपण

शेजाऱ्याचे नुकसान रस्त्यावरच होते असे नाही. उन्हाळ्यात धुरा पेटविला, वारा फिरला आणि शेजारची संत्र्याची बाग होरपळली, तर भरपाईचा दावा होतो. ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. एक झाड फळावर येण्यास काही वर्षे लागतात. नुकसान किती मोठे होईल याचा अंदाज यावरून करावा.

इंग्लंडमध्ये १८६८ साली एक प्रसिद्ध निकाल लागला. एकाच्या जमिनीतील तळ्याचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. धोकादायक वस्तू आपल्या जमिनीत साठविणाऱ्याने ती बाहेर पडल्यास होणारे नुकसान भरून दिले पाहिजे, असे तत्त्व त्यातून निघाले. आपल्या न्यायालयांनीही ते स्वीकारले आहे. शेततळ्याचा बांध घालताना हे ध्यानात ठेवावे.

बैलाचा विमा उतरविला तर बैल मेल्याची भरपाई मिळते. त्याच बैलाने बाजारात कोणाला शिंग मारले तर ती पॉलिसी उपयोगी पडत नाही.

रोही व रानडुकरांसाठी कुंपणात विजेच्या लाइनचा थेट प्रवाह सोडणे हा तर गुन्हाच आहे. त्यात माणूस दगावल्यास फौजदारी खटला होतो आणि असे बेकायदा कृत्य कोणत्याही विम्यात बसत नाही. सौर झटका यंत्राचाच वापर करावा.

अम्ब्रेला विमा म्हणजे काय?

आपल्या भागातील अनेक मुले अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांच्याकडून 'अम्ब्रेला पॉलिसी' हा शब्द ऐकू येतो. तेथे मोटारीच्या व घराच्या विम्यातील दायित्वाला मर्यादा असते. समजा मोटारीच्या विम्याची मर्यादा ३ लाख डॉलर आहे आणि न्यायालयाने ८ लाख ठरविले, तर वरचे ५ लाख घर विकून द्यावे लागतील. म्हणून वर आणखी, बहुधा १० लाख डॉलरचे, संरक्षण घेतात. मूळ विमा हे छप्पर, तर अम्ब्रेला ही छपरावरची छत्री. मूळ विमा चालू असला तरच ती उघडते. जाणूनबुजून केलेले नुकसान त्यात येत नाही.

आपल्याकडे घरगुती ग्राहकासाठी अशी स्वतंत्र पॉलिसी सहजी मिळत नाही. पण तिचे काम बऱ्याच अंशी जोडून करता येते. घरगुती सर्वसमावेशक विम्यात सार्वजनिक दायित्वाचा भाग घेता येतो. शेतकऱ्यांसाठीच्या पॅकेज विम्यातही असा भाग असू शकतो. मजुरांसाठी नुकसानभरपाईचा विमा वेगळा मिळतो. विमा घेताना "दुसऱ्याच्या नुकसानीचे कलम कोणते व मर्यादा किती?" हा प्रश्न स्पष्ट विचारावा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर पाहावे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण ते आपल्या कुटुंबाला, समोरच्याला नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या आपल्या मजुरांचे बँकेत फॉर्म भरून द्यावेत. त्याने मालकाची जबाबदारी संपत नाही, पण मजुराच्या घरी तातडीचा आधार पोचतो.

एवढे अवश्य करावे

१) ट्रॅक्टर व ट्रॉली या दोन्हींचा विमा आहे काय, मुदत कधी संपते, हे आजच पाहावे.
२) परवान्याशिवाय कोणाच्याही हाती ट्रॅक्टर देऊ नये, मडगार्डवर कोणाला बसवू नये.
३) ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात.
४) मळणीयंत्राचे पट्टे व विहिरीचे तोंड झाकलेले असावे.
५) धुरा जाळण्याऐवजी काडीकचऱ्याचे खत करावे.
६) मजुरांची नावे, हजेरी व मजुरी यांची वही ठेवावी.
७) अपघात झाल्यास प्रथम जखमीला दवाखान्यात न्यावे, पोलिसांना कळवावे व विमा कंपनीस लगेच लेखी सूचना द्यावी. गावात बसून कोऱ्या कागदावर सही देऊ नये.

पेरणीपूर्वी आपण बियाणे तपासतो, तसेच वर्षातून एकदा विम्याचे कागद तपासावेत. एका दुपारचे हे काम आहे. ते झाले तर एका अपघाताने पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन जाण्याची वेळ येणार नाही आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही न्याय मिळेल.