दुधाच्या कॅनची धुलाई आणि कॅनची बैठक

भंडारा जिल्हा हा मुख्यतः धानाचा जिल्हा होय. वैनगंगेचे खोरे आणि जुने मालगुजारी तलाव यांच्या आधारावर येथील शेतकरी धान पिकवितो, आणि धानाच्या तणसावर त्याची जनावरे पोसली जातात. धानाचा पैसा हंगामाला हाती येतो. दुधाचा पैसा मात्र थोडा थोडा का होईना, वर्षभर घरात येत राहतो. म्हणून धान उत्पादक कुटुंबास दुधासारखा दुसरा जोडधंदा नाही.

परंतु या धंद्यात एक मोठा धोका आहे. धानाचे पोते चार दिवस पडून राहिले तर बिघडत नाही. दूध चार तासांतही बिघडते. गावातील संस्थेत ४० लिटरचा एक कॅन भरण्यास, प्रत्येकी ५ लिटर दूध धरले तर, आठ घरांचे दूध लागते. तो एक कॅन नासला म्हणजे आठही घरांचे श्रम वाया जातात. ज्याने स्वच्छ दूध घातले त्याचेही आणि ज्याने निष्काळजीपणा केला त्याचेही. कित्येक वेळा दोष यांपैकी कोणाकडेच नसतो. तो कॅनमध्ये असतो. कॅन धुतलेला असतो, पण स्वच्छ झालेला नसतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखात केला आहे.

धुतलेला कॅन अस्वच्छ कसा राहतो?

कॅन रिकामा केल्यावर त्याच्या आतील अंगास दुधाचा पातळ थर चिकटून राहतो. या थरात जंतूंना अन्न मिळते, ओलाव्यामुळे पाणी मिळते, आणि आपल्याकडील हवेमुळे ऊबही मिळते. अनुकूल स्थितीत या जंतूंची संख्या साधारणपणे दर अर्ध्या तासाला दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत २५६ जंतू होतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात, तसेच पावसाळ्याच्या दमट दिवसांत, ही वाढ किती झपाट्याने होत असेल याची कल्पना करता येईल.

कॅनच्या तीन जागा विशेष अवघड आहेत: तळाचा कोपरा, गळ्याच्या खालचा खांदा आणि झाकणाची आतील खाच. हात व डोळा या तिन्ही ठिकाणी सहज पोहोचत नाहीत. धुतल्यानंतर कॅन सरळ उभा ठेवून झाकण लावले तर उरलेले पाणी तळाशी साचते, आणि रात्रभरात त्या घोटभर पाण्यात असंख्य जंतू तयार होतात. सकाळचे ताजे दूध त्यावरच ओतले जाते. झाकण लावलेला ओला कॅन हा दुधाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

यंत्राने कॅन कसा धुतला जातो?

मोठ्या दुग्धशाळांत कॅन धुण्यासाठी यंत्रे वापरतात. या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन आहेत. एकात कॅन सरळ रेषेत पुढे सरकतात. दुसऱ्यात ते गोल फिरणाऱ्या चौकटीवर बसतात. दोन्ही प्रकारांत कॅन तोंड खाली करून उपडा ठेवला जातो, व खालून तोटीतून पाण्याचा झोत आत सोडला जातो. झाकण बाजूच्या स्वतंत्र खाचेतून कॅनबरोबरच पुढे जाते.

कॅनला पुढील अवस्थांतून जावे लागते. प्रथम उरलेले दूध निथळते. नंतर साध्या पाण्याने आतून विसळले जाते. त्यानंतर सुमारे ७० अंश सेल्सिअस तपमानाच्या सोड्याच्या द्रावणाचा जोरदार झोत मारला जातो. द्रावण निथळल्यावर अतिशय गरम पाण्याने कॅन पुन्हा विसळतात, मग वाफ सोडतात आणि शेवटी तापलेल्या हवेने तो कोरडा करतात. कॅन कोरडा होऊन बाहेर पडणे हे या यंत्राचे खरे वैशिष्ट्य होय.

या सर्व अवस्था यशस्वी होण्यास एक गोष्ट आवश्यक असते. प्रत्येक वेळी कॅनचे तोंड तोटीच्या बरोबर वर आले पाहिजे. यासाठी सरळ रेषेच्या यंत्रात एक साधी परंतु अतिशय उपयुक्त योजना असते. कॅन दोन समांतर रुळांवर उपडा बसतो. रुळांच्या मध्ये एक दांडा मागेपुढे सरकतो. या दांड्यावर बिजागरीच्या खिळी असतात. दांडा पुढे जाताना खीळ उभी राहून कॅनला ढकलते; दांडा मागे येताना तीच खीळ आडवी होऊन पुढच्या कॅनखालून निघून येते. अशा रीतीने दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक कॅन एक घर पुढे जातो, कमी नाही व अधिक नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याला मध्यभागी राखतात. कॅन थांबला म्हणजे झोताची झडप उघडते. तो पुढे सरकू लागला म्हणजे ती मिटते.

बैठक चुकली तर काय होते?

यंत्राला डोळे नसतात. कॅन जेथे असावयास पाहिजे तेथे तो आहे, असे धरून ते झोत सोडते. कॅनचा काठ पोचलेला असेल किंवा कान वाकलेला असेल, तर तो रुळावर सपाट बसत नाही. एका बाजूस कलतो. मग झोत तळाच्या मध्यावर न आदळता गळ्यावर किंवा खांद्यावर आदळून परत फिरतो. तळाचा एक कोपरा कोरडाच राहतो आणि तेथील दुधाचा थर पुढच्या वाफेने शिजून घट्ट चिकटतो. असे वारंवार झाले म्हणजे तेथे पिवळसर खर धरतो, व तो पुढे साध्या धुण्याने निघत नाही. कॅन फारच वाकडा असला तर तो पट्ट्यांत अडकतो आणि त्याच्यामागील सर्व कॅनची रांग थांबते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. यंत्र दुग्धशाळेत असले तरी कॅनची बैठक गावात बिघडते. गाडीतून कॅन खाली फेकणे, भरलेला कॅन काठावर फिरवीत नेणे, झाकण बसत नाही म्हणून त्यावर दगडाने ठोकणे, कॅनचा उपयोग बसण्यासाठी करणे, या सर्व सवयींनी काठास व तळास पोचे पडतात. काठाला पोचा असलेला कॅन वेगळा काढून तो दुरुस्त करून घ्यावा. तसेच प्रत्येक कॅनचे झाकण त्याच कॅनला राहील अशी खूण करावी.

गावातील घडवंची

आता अनेक ठिकाणी दूध गावाजवळच्या शीतकरण टाकीत सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात व तेथून टँकरने पुढे नेतात. त्यामुळे कॅन दुग्धशाळेच्या यंत्रापर्यंत जातच नाही. तो संस्थेतच हाताने धुवावा लागतो. अशा ठिकाणी यंत्र नसले तरी यंत्राचे तत्त्व उपयोगात आणता येते. पाण्याच्या घागरी ठेवण्यासाठी घरात जशी घडवंची असते, तशीच कॅनसाठी घडवंची करावी.

१. लोखंडी नळीचे किंवा कोनपट्टीचे दोन समांतर दांडे घ्यावेत. दोहोंमधील अंतर कॅनच्या तोंडाच्या बाहेरील व्यासापेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्याहून अधिक असावे. म्हणजे काठ दांड्यांवर टेकतो आणि तोंडाचा मधला भाग मोकळा राहतो.

२. दांडे जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असावेत. खालचे शिंतोडे कॅनच्या आत उडता कामा नयेत.

३. दांड्यांना एका बाजूस थोडा उतार द्यावा. उपडा कॅन किंचित कलता राहिला म्हणजे पाणी एका कडेने पूर्ण निथळते आणि दुसऱ्या कडेने हवा आत शिरते. कॅन घसरू नये म्हणून प्रत्येक कॅनपुढे एक आडवी अडणी जोडावी.

४. झाकणांसाठी शेजारी खाचा असलेली पट्टी बसवावी. झाकण जमिनीवर ठेवू नये.

५. घडवंची उन्हात व मोकळ्या हवेत असावी. गोठ्याच्या व उकिरड्याच्या बाजूस असू नये. बांबूच्या चिरांत घाण राहते. म्हणून बांबू स्वस्त असला तरी या कामी तो वापरू नये.

संस्थेची ऐपत असल्यास याच घडवंचीच्या एका टोकाला दोन दांड्यांच्या मध्ये उभी तोटी बसवून पायाने दाबावयाची झडप जोडावी. कॅन तोटीवर उपडा ठेवावा व झडप दाबावी. अडणी योग्य जागी असल्यास कॅनचे तोंड दर वेळी तोटीवरच येते. पाण्याचा दाब मात्र तपासून पाहावा. टाकी १० मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. ३ मीटर उंचीवर तो जेमतेम एक तृतीयांश असतो. एवढ्या दाबाचे पाणी तळापर्यंत पोहोचते खरे, परंतु चिकटलेला थर सोडवीत नाही. तेथे ब्रशने घासणे टाळता येणार नाही.

धुण्याचा क्रम

कॅन रिकामा झाल्यावर लगेच धुण्यास घ्यावा. दूध वाळू देऊ नये. प्रथम साध्या किंवा कोमट पाण्याने विसळावे. सुरुवातीसच उकळते पाणी ओतल्यास दुधातील प्रथिने शिजून भिंतीला चिकटतात. नंतर दुग्धशाळेकडून मिळणाऱ्या धुण्याच्या भुकटीचे गरम द्रावण घेऊन लांब दांड्याच्या ब्रशने तळ, खांदा, गळा व झाकण घासावे. ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक सोडा कधीही लावू नये; तो धातू खातो. राख, वाळू व तारेची घासणी यांनी ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतच पुढे जंतू राहतात. घासून झाल्यावर स्वच्छ पाण्याने दोनदा विसळावे, शक्य असल्यास वाफ किंवा उकळते पाणी द्यावे आणि कॅन घडवंचीवर उपडा ठेवावा.

वाफेची सोय नसेल तेथे दूध भरण्यापूर्वी ब्लिचिंग पावडरचे पाणी वापरावे. पावडरमध्ये २५ टक्के उपलब्ध क्लोरिन असल्यास १० लिटर पाण्यास ८ ग्रॅम पावडर पुरते. हे निवळलेले पाणी कॅनमध्ये सर्वत्र फिरवून सुमारे दोन मिनिटे ठेवावे, मग ओतून कॅन निथळू द्यावा. ते रात्रभर कॅनमध्ये ठेवू नये. घाण असलेल्या कॅनमध्ये क्लोरिनची शक्ती घाणीवरच खर्च होते. म्हणून आधी धुलाई व मग क्लोरिन, हा क्रम बदलू नये.

परीक्षा कशी करावी?

कोरड्या कॅनला अर्धा तास झाकण लावून ठेवावे आणि उघडताच वास घ्यावा. आंबूस वास आला तर कॅन पुन्हा धुवावा. टॉर्चच्या उजेडात तळाचा कोपरा पाहावा, व काठीला पांढरे फडके बांधून तो पुसावा. फडके ओले किंवा पिवळे निघाल्यास बैठक चुकली आहे असे समजावे.

संकलन केंद्रावर मिथिलिन ब्ल्यूची परीक्षा करता येते. १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर निळे द्रावण घालून नळी ३७ अंश सेल्सिअस तपमानात ठेवतात. निळा रंग ५ तासांहून अधिक टिकला तर दूध अतिशय चांगले. अर्ध्या तासात उडाला तर ते निकृष्ट होय. एकाच घरचे दूध कोरड्या कॅनमध्ये व ओल्या कॅनमध्ये ठेवून काही तासांनी ही परीक्षा सभासदांसमोर करावी. दोन नळ्यांतील फरक जे पटवील ते दहा व्याख्याने पटवू शकणार नाहीत.

वर्ज्य भांडी

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात दूध ठेवू नये. तांब्याचा अंश दुधात उतरला की स्निग्धांश बिघडून दुधास वाईट चव येते. तसेच कीटकनाशकांचे किंवा रसायनांचे डबे व पिंपे कितीही धुतली तरी दूध, पाणी किंवा धान्य यांसाठी वापरू नयेत. अशी रिकामी भांडी पुन्हा वापरात येऊ नयेत याची तरतूद कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही केलेली आहे. जी घाण डोळ्यांना दिसते ती धुता येते. मुरलेले विष धुता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा संस्थेतील सर्व कॅन एका ओळीत सपाट जागेवर उपडे मांडून पाहावेत. जो डुगडुगेल तो वेगळा काढावा. घडवंचीची अडणी, उतार व उंची तपासावी, आणि कॅन धुणाऱ्या माणसास कामाचे कारण समजावून सांगावे. हे काम करणारा माणूस पुष्कळदा संस्थेत सर्वांत कमी वेतन घेणारा असतो. परंतु आठ घरांचे दूध प्रत्येक कॅनमागे त्याच्याच हाती असते.

झोताचे यंत्र लाखाचे असो की घडवंची चार नळ्यांची असो, नियम एकच आहे. कॅनचे तोंड खाली असावे, झोत तळाला लागावा, पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निथळावे आणि कॅन कोरडा व्हावा. एवढे साधले तर सकाळी काढलेले दूध दूधच राहील व त्याचे दाम ज्याच्या त्याच्या घरी पोहोचेल.