संदेश नेमका अडला कुठे?
(विज्ञान-तंत्र पाठ : 'पोस्टमन'च्या साहाय्याने एमक्यूटीटी जोडणीची तपासणी)



यंत्र बंद पडले की आपण आधी यंत्रालाच दोष देतो. परंतु आजची बरीच यंत्रे एकटी काम करीत नाहीत, ती एकमेकांना निरोप पाठवतात. निरोप पोहोचला नाही, तर दोष पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की मधल्या वाटेचा, हे शोधणे ही एक विद्या आहे. तिचा परिचय करून देण्यासाठी हा पाठ.

सूचना-वही आणि ब्रोकर

आपल्या शाळेत कार्यालयातून सूचना-वही निघते. लिहिणारा स्वतः वर्गावर्गात जात नाही. शिपाईदादा वही घेऊन ज्या वर्गांसाठी ती सूचना आहे तिथेच जातात. 'प्रकाशन-सदस्यत्व' पद्धत अशीच चालते. संदेश पाठवणारा तो एखाद्या 'विषया'वर, म्हणजे टॉपिकवर, प्रकाशित करतो. ज्यांना तो हवा ते त्या विषयाचे सदस्य होतात. मधला शिपाई म्हणजे 'ब्रोकर'. पाठवणारा आणि घेणारा यांना एकमेकांचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नसते.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध नियमसंच म्हणजे एमक्यूटीटी. तेलाच्या लांबच लांब पाइपलाइनींवरील माहिती महागड्या उपग्रह-जोडणीतून थोडक्यात पाठवता यावी, यासाठी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तो तयार केला. त्याची ३.१.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाणित झाली आणि ५ ही आवृत्ती २०१९ मध्ये. आज दोन्ही वापरात आहेत.

'पोस्टमन' हे साधन मूळ आपल्याच देशातले. अभिनव अस्थाना यांनी २०१२ च्या सुमारास ते ब्राउझरला जोडायचे छोटे साधन म्हणून सुरू केले. एरवी ते एपीआय तपासण्यासाठी वापरतात, पण त्यात एमक्यूटीटीचीही सोय आहे. नवीन विनंती उघडताना 'एमक्यूटीटी' निवडायचे, आवृत्ती ठरवायची, ब्रोकरचा पत्ता लिहायचा आणि 'कनेक्ट' दाबायचे. मग आपला संगणक स्वतःच पाठवणारा किंवा घेणारा बनू शकतो. सगळी गंमत इथेच आहे.

आपला प्रश्न

विज्ञान मंडळाच्या दोन गटांनी गच्चीवरील टाक्यांची पातळी कार्यालयातील पडद्यावर दाखवण्याचे काम घेतले. हेतू साधा : मोटर वेळेवर बंद व्हावी आणि नर्मदेचे पाणी नाल्यात जाऊ नये. एका गटाने टाकीवरचे यंत्र केले, दुसऱ्याने पडदा. दोघेही म्हणत, "आमचे जोडलेले आहे." पडदा मात्र कोरा. सेन्सर खराब आहे, नवा आणावा, असा अर्ज आमच्यापर्यंत आला. विश्वस्तांपुढे खर्च मांडण्याआधी आम्ही मुलांना सांगितले की एकेक सांधा वेगळा करून तपासा. त्यांनी पुढील क्रमाने तपासले.

पायरी १ : ब्रोकरपर्यंत पोहोचतो का?

'पोस्टमन'मधून फक्त जोडणी करून पाहावी. उत्तरच येत नसेल आणि वेळ संपत असेल, तर पत्ता, वाय-फाय किंवा फायरवॉल पाहावी. 'जोडणी नाकारली' असे लगेच आले, तर संगणक सापडला, पण त्या पोर्टवर ब्रोकर ऐकत नाही. साध्या जोडणीसाठी १८८३ आणि सुरक्षित जोडणीसाठी ८८८३ हे ठरलेले पोर्ट आहेत. एकीचा पत्ता आणि दुसरीचा पोर्ट अशी अदलाबदल नेहमी होते.

'मॉस्क्विटो' हा ब्रोकर वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०२० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून तो, वेगळी व्यवस्था लिहून दिली नाही तर, फक्त स्वतःच्याच संगणकावरील जोडण्या स्वीकारतो. म्हणून प्रयोगशाळेच्या संगणकावर सगळे ठीक दिसते आणि बाहेरून काहीच जुळत नाही.

ब्रोकरने क्रमांक देऊन नकार दिला, तर ती आनंदाची गोष्ट समजावी, कारण वाट मोकळी आहे. ३.१.१ मध्ये ४ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आणि ५ म्हणजे परवानगी नाही. ५ व्या आवृत्तीत त्याच अर्थाचे क्रमांक १३४ आणि १३५ आहेत.

पायरी २ : स्वतःच पाठवा, स्वतःच घ्या

'पोस्टमन'मध्ये 'चाचणी' या विषयाचे सदस्य व्हावे आणि त्याच विषयावर एक संदेश पाठवावा. तो परत आला, तर ब्रोकर निर्दोष आहे. ५ व्या आवृत्तीत 'स्वतःचे संदेश नकोत' असा पर्याय आहे, तो बंद असल्याची खात्री करावी.

पायरी ३ आणि ४ : एका बाजूला आपण

आता टाकीचे यंत्र चालू ठेवून 'पोस्टमन'ने फक्त ऐकावे. इथे '#' हे चिन्ह उपयोगी पडते. 'टाकी/#' चे सदस्यत्व घेतले की 'टाकी'खालचे सर्व विषय ऐकू येतात. '+' हे चिन्ह एकाच पातळीपुरते चालते. ही चिन्हे ऐकण्यासाठीच आहेत, त्यांवर संदेश पाठवता येत नाही.

त्यानंतर उलट करावे. यंत्र बंद ठेवून 'पोस्टमन'मधून हाताने ७० हा आकडा पाठवावा आणि पडद्याकडे पाहावे.

आमच्या मुलांना पायरी ३ मध्येच आकडे दिसले : ६२, ६३, ६३. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. पायरी ४ मध्ये पडद्यावर ७० उमटले. म्हणजे पडदाही ठीक. मग अडले कुठे? हाताने पाठवताना मुलांनी पडद्याच्या प्रोग्राममधला विषय उतरवून घेतला होता : 'टाकी/पाणी'. यंत्र मात्र 'टाकी/पानी' या विषयावर पाठवत होते.

यात अडाणीपणा कुणाचाच नाही. आपल्या घरात मराठी, रस्त्यावर आणि बाजारात हिंदी. 'पाणी' मराठीत शुद्ध, 'पानी' हिंदीत शुद्ध. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे हे दोन्ही शब्द आम्हाला सारखेच घरचे वाटतात. पण ब्रोकर अर्थ पाहत नाही, अक्षरे पाहतो. विषय देवनागरीत लिहिलेला चालतो, पण एक ऱ्हस्व-दीर्घ बदलला, सुरुवातीला एक तिरकी रेघ जादा पडली, रोमन लिपीत लहान-मोठे अक्षर बदलले, की त्याच्या दृष्टीने तो वेगळा विषय. बहुधा चूक झाल्याचेही तो सांगत नाही, कारण ज्या विषयाचा कुणी सदस्य नाही त्यावर संदेश पाठवणे हा गुन्हा नाही. शुद्धलेखनाच्या तासाला "एवढ्याने काय होते?" असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

आता प्रयोगशाळेच्या भिंतीवर विषयांची एक यादी लावली आहे. दोन्ही गटांनी तिच्यावर सह्या केल्या आहेत. सेन्सरचा खर्च वाचला.

पायरी ५ : जोडणी सारखी तुटते का?

प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख, म्हणजे क्लायंट आयडी, असते. दोघांची ओळख एकच असेल, तर ब्रोकर नव्याला घेतो आणि जुन्याला बाहेर काढतो. जुना पुन्हा जोडला की नवा बाहेर. एकच प्रोग्राम दोन टाक्यांच्या यंत्रांत जसाच्या तसा भरला, तर हा खो-खो चालूच राहतो. तपासणी करतानाही 'पोस्टमन'ला यंत्राची ओळख देऊ नये.

दुसरे कारण 'कीप अलाइव्ह'. हा काळ ६० सेकंद ठरवला असेल आणि यंत्र दीडपट, म्हणजे ९० सेकंद, गप्प राहिले, तर ब्रोकर जोडणी तोडतो.

जुना आकडा नवा वाटतो तेव्हा

'रिटेन' करून पाठवलेला संदेश ब्रोकर फलकावरच्या सूचनेसारखा राखून ठेवतो आणि नव्या सदस्याला लगेच देतो. यंत्र बंद असूनही पडद्यावर ८० दिसेल, आणि मोटर लावायची की नाही हा निर्णय चुकेल. तो पुसायचा असेल, तर त्याच विषयावर 'रिटेन' करून रिकामा संदेश पाठवावा.

पालकांसाठी दोन शब्द

सरावासाठी इंटरनेटवर सार्वजनिक ब्रोकर मिळतात. तिथे आपला संदेश कोणीही वाचू शकतो आणि आपल्या विषयावर कोणीही खोटा आकडा पाठवू शकतो. त्यावर मुलांची नावे, फोन क्रमांक वा घराची माहिती कधीही पाठवू नये. 'पोस्टमन'मध्ये जतन केलेली विनंती दुसऱ्याला देण्याआधी तिच्यातील पासवर्ड काढावा.

स्वाध्याय

१. नकाराचा क्रमांक येणे हे उत्तरच न येण्यापेक्षा बरे का?
२. 'टाकी/+' आणि 'टाकी/#' यांपैकी 'टाकी/उत्तर/पातळी' हा विषय कोणाला ऐकू येईल?
३. पायरी ३ मध्ये आकडे दिसले नाहीत, तर पुढे काय तपासाल? क्रमाने तीन गोष्टी लिहा.
४. आपल्या घरातील मराठी-हिंदी अशा पाच शब्दजोड्या लिहा, ज्या ब्रोकरला वेगळ्या वाटतील.

उत्तरे वहीत लिहून विज्ञान मंडळाच्या पेटीत टाकावीत. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी पायरी २ प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडी राहील.