फरशी ओली करून बघावी

ताई आणि दाजींसाठी घराची फरशी बदलतोयस ना? मग मामाचं एक ऐक. शोरूममध्ये फरशी कोरडी, लख्ख पुसलेली आणि दिव्याखाली मांडलेली असते. माणूस घसरतो तो ओल्यावर. नमुन्याचा तुकडा मागून घे, जमिनीवर ठेव, पाणी आणि थोडा साबण टाक आणि अनवाणी पाय दाबून पुढे रेट. पाय सरकला, तर ती फरशी कितीही सुंदर असो, तिथेच सोड. दुकानदार हसला तर हसू दे.

पकडीची प्रतवारीही विचार. आर 9 ते आर 13 असे आकडे असतात, 9 म्हणजे सर्वांत कमी पकड. न्हाणीघराला आर 10च्या खाली जाऊ नकोस, आर 11 मिळाली तर उत्तम.

न्हाणीघरात मोठ्या फरश्यांचा हट्ट धरू नकोस. फूटभराची किंवा त्याहून लहान टाइल घे. सांधे जास्त म्हणून पायाला पकड मिळते आणि जाळीकडे चहूबाजूंनी उतारही नीट काढता येतो. मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार पुरतो. मिस्त्री जायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघ. पाणी थांबलं, तर त्याचे पैसेही थांबव.

धरायचा दांडा कमोडजवळ आणि नळाजवळ हवाच. त्याची जागा टाइल लागण्याआधी ठरव, म्हणजे तो पक्क्या भिंतीत बसेल. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार टाकायचा नसतो, हे दाजींना बजावून सांग.

बाहेरच्या पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट नको. फ्लेम फिनिश घे, नाहीतर कडेला खाचा पाडून घे. शहाबादी घेतलीस तर खडबडीतच राहू दे, पॉलिशच्या नादी लागू नकोस.

पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर भुरभुरव, थोडा वेळ जाऊ दे, मग खराट्याने घासून भरपूर पाण्याने धू. तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नकोस, विषारी क्लोरीन वायू निघतो. शहाबादी, कोटा, संगमरवर यांना तर ॲसिड लावूच नये. हे चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं.

दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल आणि उटणं खाली सांडतं आणि मागून येणारा त्यावर पाय देतो. एकाची आंघोळ झाली की फरशी साबण लावून घासायची, मगच दुसऱ्याने आत जायचं. स्वयंपाकघरात तेल सांडलं तर आधी पाणी ओतू नये, ते पसरतं. वर पीठ टाकावं, तेल शोषलं गेलं की गोळा करावं, मग गरम साबणाच्या पाण्याने पुसावं. रोजचा साबणही थर धरतो. आठवड्याला ब्रशने घासलं नाही, तर खरखरीत टाइलसुद्धा निसरडी होते.

दाराशी जुन्या चादरीची घडी टाकू नकोस. रबरी बुडाचं पायपुसणं आण आणि बूड गुळगुळीत झालं की फेकून दे.

आणि न्हाणीघराच्या टाइलचं एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेव. पुढे एखादी फुटली, तर त्याच जातीची बाजारात मिळेलच असं नाही. मग मिस्त्री हाताला येईल तो गुळगुळीत तुकडा बसवतो आणि नेमका त्यावरच पाय पडतो.