जुन्या मोटारींचे स्वभाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भातील गावोगावी तान्हा पोळा भरतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे याच धानपट्ट्यातील गाव. त्या दिवशी खऱ्या बैलांना विश्रांती असते आणि लाकडी बैलांचे राज्य सुरू होते. लहान चाकांवर उभा असलेला, गळ्यात घुंगुरमाळ ल्यालेला नंदी दोरीने ओढीत मुले घरोघर जातात व बोजारा मिळवितात. वाटेत चाक अडले, की एखादा मुलगा म्हणतो, "माझा बैल आज रुसला आहे." शेजारचा म्हणतो, "रुसला नाही, दमला आहे." लाकडाला रुसवा नसतो आणि थकवाही नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही त्यांच्या बोलण्याला कोणी खोटे म्हणत नाही.

अचेतन वस्तूवर सचेतनाच्या गुणांचा आरोप करणे, यास मराठीत चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात. हा अलंकार केवळ कवींच्या मालकीचा नाही. ओंगण आटलेले बंडीचे चाक कुरकुरते, चढावर मोटार दम टाकते, एखादी गाडी फार पेट्रोल पिते, असे आपण सहज बोलून जातो. पुणे ते अहमदनगर या मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे याच सेवेतील तांबड्या गाड्यांना लोकांनी 'लालपरी' हे लाडके नाव दिले. कच्च्या रस्त्यावरून धुरळा उडवीत येणारी ती गाडी परीसारखी नाजूक खचितच नव्हती. परंतु दूरच्या माणसाला घरी आणून पोहोचविणारी गाडी गावाला परीच वाटली, यात नवल ते काय?

ही कल्पनाशक्ती सर्वांत अधिक रमते ती जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात. मुंबईत अशा मोटारींच्या फेऱ्या निघतात. दिल्लीत १९६४ पासून 'स्टेट्समन' या वृत्तपत्राची फेरी प्रसिद्ध आहे. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या, उंच टपाच्या मोटारी ओळीने उभ्या राहिल्या, की पाहणाऱ्यास त्यांचे मुखवटे दिसू लागतात. पुढचे दोन दिवे हे डोळे, मधली जाळी हे तोंड, चाकांवरील वळणदार पत्रे हे खांदे. मग कोणी म्हणतो, ही मोटार गर्विष्ठ दिसते. कोणी म्हणतो, ती भोळी आहे. परंतु मुखवटा पाहून ठरविलेला स्वभाव खरा असतोच असे नाही. याची साक्ष तीन मोटारी देतील.

पहिली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी'. ही मोटार अमेरिकेत १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती, आणि त्या अवधीत अशा दीड कोटीहून अधिक मोटारी कारखान्याबाहेर पडल्या. हिच्याविषयी एक विचित्र गोष्ट सांगतात. चढण फार उभी असली, की ही मोटार तोंडाने चढावयास नकार देई. चालक ती वळवून पाठमोरी करी आणि मागच्या गतीने डोंगर चढवी. ही हकीकत ऐकणारा प्रथम हेच म्हणेल, की ही मोटार हट्टी व उफराट्या बुद्धीची असली पाहिजे.

आता तिची रचना पाहा. तिच्या पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली होती. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचून नेणारा पंप तिला नव्हता; पेट्रोल केवळ आपल्या भाराने खाली वाहत जाई. उभ्या चढणीवर मोटारीचे नाक वर होई, इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि टाकीत पेट्रोल थोडे असले तर ते इंजिनापर्यंत पोहोचतच नसे. मोटार पाठमोरी केली, की टाकी वर येई आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागे. म्हणजे जो हट्ट वाटला तो हट्ट नव्हता. मोटार उपाशी होती, आणि चालकाने तिच्या तोंडी घास जाईल अशी युक्ती शोधली होती. कारण समजताच त्याच मोटारीचा स्वभाव पाहणाऱ्याच्या मनात पालटतो. ती सोशिक वाटू लागते.

दुसरी मोटार इंग्लंडातील रोल्स-रॉईस कंपनीची. १९०७ मध्ये कंपनीने आपल्या एका मोटारीला रुपेरी रंग देऊन तिचे नाव 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, असे ठेविले. भूत म्हटले की भयंकर स्वभाव डोळ्यांपुढे येतो. परंतु या नावाचे कारण निराळे आहे. त्या काळच्या मोटारी खडखडाट करीत, धूर ओकीत जात. या मोटारीचे इंजिन सहा नळकांड्यांचे होते आणि ते इतक्या शांतपणे फिरे, की मोटार जवळ आली तरी तिची चाहूल लागू नये. त्याच वर्षी तिला सुमारे १५,००० मैल चालवून तिची कसोटी घेण्यात आली आणि त्या कसोटीस ती उतरली. पुढे एका मोटारीचे हे नाव त्या संपूर्ण जातीलाच मिळाले. तिचा दिमाख प्रथम डोळ्यांत भरतो हे खरे. पण तिचा खरा गुण म्हणजे न बोलता, न थकता काम करणे हा होय.

तिसरी मोटार या दोघींच्या तुलनेत अगदीच चिमुकली. १९२२ मध्ये इंग्लंडात 'ऑस्टिन सेव्हन' ही मोटार बाजारात आली. मोटारसायकलीला जोडलेल्या पाळण्यात बायकामुलांना बसवून नेणाऱ्या साध्या गृहस्थाला खरी मोटार घेता यावी, हा तिच्या निर्मितीचा हेतू होता. हर्बर्ट ऑस्टिन यांची ही कल्पना त्यांच्या सहकाऱ्यांना पटली नव्हती. त्यांनी आपल्या घरी स्टॅन्ले एज नावाच्या अवघ्या १८ वर्षांच्या तरुण आरेखकास बरोबर घेऊन तिचे आराखडे काढले. जी मोटार खेळण्यासारखी दिसते म्हणून लोक हसले, ती १९३९ पर्यंत तयार होत राहिली. प्रदर्शनात तिला पाहून कोणी 'बाळ' म्हणेल. पण या बाळाने कित्येक कुटुंबांचे ओझे वाहिले, हे ध्यानात घेतले तर तिला घरातील कर्ती मुलगी म्हणणेच अधिक शोभेल.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक कर्ती मुलगी होऊन गेली. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट मोटारीला सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' हे नाव मिळाले. पद्मिनी म्हणजे कमळवेल. या नाजूक नावाच्या मोटारीने काळा-पिवळा वेष धारण केला आणि मुंबईच्या पावसात, उन्हात, गर्दीत अहोरात्र प्रवासी वाहिले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. अखेरच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तेव्हा अनेकांना घरातील वडीलधारे माणूस निवृत्त झाल्यासारखे वाटले.

माणूस यंत्रावर किती माया करू शकतो, याचे हृद्य चित्र ऋत्विक घटक यांनी १९५८ च्या 'अजांत्रिक' या बंगाली चित्रपटात रेखाटले आहे. त्याची मूळ कथा सुबोध घोष यांची. बिमल नावाचा टॅक्सीचालक आणि 'जगद्दल' नावाची त्याची मोडकळीस आलेली शेव्हरोले मोटार, ही त्यातील प्रमुख पात्रे. लोक जगद्दलला हसतात; बिमल मात्र तिच्याशी बोलतो, तिच्यावर रागावतो, तिला पाणी पाजतो. अखेर ती मोटार भंगारात जाते. बिमल शोकाने उभा असता त्याला ओळखीचा आवाज येतो. जगद्दलचा मोडका भोंगा हाती घेऊन एक लहान मूल तो वाजवीत असते. बिमलच्या डोळ्यांत पाणी असते, आणि तरीही तो हसतो.

सर्वच जुन्या मोटारींच्या नशिबी भंगार येऊ नये, यासाठी २०२१ मध्ये केंद्र शासनाने नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात जपलेली खाजगी मोटार आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. अशी मोटार रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन अशा कारणांसाठी मात्र ती रस्त्यावर आणता येते. मूळ स्वरूपाचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. मॉडेल टीला नवा पंप बसविला, तर ती तोंडाने डोंगर चढेल. पण मग ती पाठमोरी का चढत होती, हे कोणालाच कळणार नाही. तिची अडचण पुसली, की तिची कथाही पुसली जाते.

माणसांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. वर्गात उशिरा उत्तर देणाऱ्या मुलाला 'मंद' आणि न बोलणाऱ्या मुलीला 'गर्विष्ठ' ठरविण्यास क्षणही लागत नाही. कदाचित त्या मुलाला फळा नीट दिसत नसेल. कदाचित ती मुलगी नव्या गावात नवी असेल. मोटारीला चुकीचे नाव दिले तर तिला दुःख होत नाही. माणसाला ते होते, आणि पुष्कळदा ते नाव त्यास जन्मभर चिकटून राहते.

म्हणून तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीतील त्या दोन मुलांच्या शेजारी एक तिसरे मूल कल्पावे. बैल रुसला की दमला, हा वाद चालू असता ते खाली वाकते आणि चाकाकडे पाहते. आसाची खिळी निसटलेली असते. ते ती पुन्हा बसविते, दोरी मित्राच्या हाती देते व म्हणते, "त्याचा पाय दुखत होता." बैल पुढे निघतो आणि घुंगुरमाळ वाजू लागते.

स्वाध्याय

१. 'मॉडेल टी' मोटार उभ्या चढणीवर पाठमोरी का चालवावी लागे, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. 'सिल्व्हर घोस्ट' या नावातील 'भूत' हा शब्द कोणत्या गुणामुळे योजला गेला?

३. पद्मिनी टॅक्सीला 'कर्ती मुलगी' असे का म्हटले आहे?

४. पाठातील चेतनगुणोक्तीची चार उदाहरणे शोधून लिहा.

५. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू (बंडी, सायकल, शिवणयंत्र, जाते) नीट न्याहाळा. ती कशी चालते, कोठे अडते, हे घरातील वडील माणसांना विचारा. नंतर तिच्या स्वभावाचे वर्णन दहा ओळींत करा.