घोड्याचा विमा घेताना : बचत गटांसाठी पाठ

मुर्ध्याच्या आमच्या केंद्रात मी बचत आणि विमा हे विषय शिकवतो. गेल्या वर्गाला कर्जत-नेरळकडच्या वाड्यांतून माथेरानला घोडे चालवणारे काही जण आले होते. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे घोड्यावर पोट भरणारी अनेक घरे आहेत. अशा घरात घोडा गेला की मिळकत जाते, कर्ज मात्र राहते. म्हणून हा पाठ.

1. विमा नेमका कशाचा?
जनावरांची साधी पॉलिसी आजाराने किंवा अपघाताने आलेल्या मृत्यूची असते. घोडा जगला पण कामाचा राहिला नाही, तर त्यातून काही मिळत नाही. वर्गातल्या एका भावाचा घोडा पावसात घसरला, पुढचा पाय कायमचा अधू झाला. पॉलिसी होती, पण फक्त मृत्यूची. बँकेचे हप्ते चालूच राहिले आणि थोरला मुलगा शाळा सोडून वीटभट्टीवर गेला. थोडा जास्त हप्ता भरून ‘कायमचे अपंगत्व’ जोडून घेता येते. ओझ्याच्या आणि सवारीच्या घोड्याला ते जोडावेच, असे मी सांगतो.

पर्यटक पडून जखमी झाला, तर त्याची भरपाई या पॉलिसीत नसते. ती वेगळी विचारावी.

2. किंमत आणि हप्ता
विम्याची रक्कम बाजारभावाप्रमाणे, पशुवैद्यकांनी ठरवलेली असावी. हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी लावली, तर भरपाईही कमीच मिळते.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात घोडा, गाढव आणि खेचर ही जनावरेही येतात. फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या निर्णयानुसार पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या 15 टक्के आहे, बाकी केंद्र व राज्य भरतात. समजा घोड्याची किंमत 60,000 रुपये आणि दर शेकडा 4 आहे. पूर्ण हप्ता 2,400 रुपये झाला, तर आपला वाटा फक्त 360 रुपये. यंदा आपल्या तालुक्यात ही योजना चालू आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा.

3. ओळख पक्की हवी
मेलेला घोडा तोच विमा उतरवलेला, हे सिद्ध करावे लागते. कानातला बिल्ला किंवा चिप, रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे पट्टे, अंगावरचे भोवरे हे सर्व कागदावर नीट लिहून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा लावून घ्या.

4. कशाची भरपाई मिळत नाही?
साधारणपणे पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या 15 दिवसांतला आजार, चोरी किंवा हरवणे, जास्त ओझे लादणे, हयगय आणि अडाणी उपचार यांची. म्हणून पोटशूळ उठला की घरगुती औषधावर रात्र काढू नका, डॉक्टरांना बोलवा. धनुर्वाताची लस टोचून घ्या व तिची चिठ्ठी जपा. ग्लँडर्स या रोगावर लस नाही आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी किंवा जखमा दिसल्या तर घोडा वेगळा बांधून दवाखान्याला कळवा.

5. घोडा दगावला तर
त्याच दिवशी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकांना कळवा. शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. दरीत पडला असेल तर फोटो व पंचनामा करून घ्या. बिल्ला, पॉलिसी, मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा अर्ज यांच्या प्रती गटाकडेही ठेवा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

गटात बोलण्यासाठी
- आपल्या गटात किती घोड्यांचा विमा आहे? मुदत कधी संपते?
- पॉलिसी कोणाच्या ताब्यात आहे? कर्ज देणाऱ्याकडे असेल, तर आपल्याकडे तिची प्रत आहे का?
- अपंगत्वाचा भाग जोडला आहे का?

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपली पॉलिसी घेऊन यावी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी गटातल्या शिकलेल्या मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवावी. अंगठा उठवायचा तो त्यानंतरच.