तुकोबांचे देवाशी भांडण

पुण्याजवळ, इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथील बोल्होबा व कनकाई यांच्या घरी वाणसवदा आणि सावकारी हा वडिलोपार्जित व्यवसाय होता. विठ्ठलाची उपासनाही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. थोरला मुलगा सावजी विरक्त वृत्तीचा. त्यामुळे प्रपंचाचा भार लहान वयातच मधल्या तुकारामावर पडला.

आईवडील निवर्तले, वहिनी वारली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेला. हे दुःख ओसरते न ओसरते तोच इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर व गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला. पावसाने पाठ फिरवली, गुरेढोरे मेली, माणसे देशोधडीला लागली. विकायला धान्य नाही आणि कुळांकडे कर्ज फेडायला पैसा नाही, अशा स्थितीत तुकोबांचे दिवाळे निघाले. त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली. तिच्यापाठोपाठ लहानगा संतूही गेला, असे चरित्रकार सांगतात.

अशा वेळी मनुष्य देवाकडे पाठ फिरवतो, किंवा भीतीने त्याची खुशामत करू लागतो. तुकोबांनी यांतले काहीच केले नाही. मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी स्वतः राबून दुरुस्त केले. भंडारा डोंगरावर एकांतात बसून पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली. कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली अशी कथा आहे; धाकट्या कान्होबाचा वाटा मात्र त्याच्या हाती दिला. दुसऱ्याच्या हक्काचे दान करून पुण्य जोडण्याची त्यांना इच्छा नव्हती.

त्यांची प्रार्थनाही अशीच रोखठोक होती. मनात एक आणि ओठांवर दुसरे, असे त्यांना चालत नसे. विठ्ठल ऐकत नाही असे वाटले, की ते त्याला तसे तोंडावर सांगत. कधी लेकराप्रमाणे रुसत, कधी धनकोप्रमाणे हिशेब मागत. आपल्यापुरता देव आता उरलाच नाही, इथपर्यंत एकदा त्यांची मजल गेली. आपले दोषही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे त्याच्यापुढे मांडले. मात्र हे सारे बोलणे देवाशीच चालले होते. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्याशी कोणी इतके भांडत बसत नाही.

दिवाळे निघाले, दुष्काळ पडला, हे बरेच झाले, असेही तुकोबांनी एका अभंगात म्हटले आहे. ते वाचून कित्येकांना नवल वाटते. पण ते उद्गार पत्नीच्या चितेपाशी उभ्या असलेल्या माणसाचे नव्हेत. पुष्कळ वाट चालून मागे वळून पाहणाऱ्याचे आहेत.

घरी दुसरी पत्नी जिजाई मुलांच्या भुकेपायी विठ्ठलाला खडे बोल ऐकवी. लोक तिला कजाग म्हणत. परंतु हीच जिजाई, परंपरा सांगते, तुकोबांना भाकरी पोहोचविण्यासाठी उन्हातान्हात भंडाऱ्याचा चढ चढून जात असे.